आपल्या बाजूचा दिवा

"दिवा दिसला का?"

लोक भेटल्यावर रामराम घालतात, सलाम करतात, नाहीतर नुसती मान हलवतात. मामांचं हे सगळं या एका प्रश्नात उरकायचं. जालना रोडला माझ्या दुकानासमोर पाण्याचा टेम्पो उभा करायचा, एका बाजूचा इंडिकेटर चालूच ठेवायचा, खाली उतरायचं आणि टेम्पोच्या पुढे चांगलं लांबवर चालत जायचं. मग गर्रकन वळायचं, कपाळावर हात आडवा धरायचा आणि आपल्याच गाडीकडे बघत उभं राहायचं. गाडी जणू दुसऱ्या कुणाची आहे आणि ती आजच पहिल्यांदा नजरेला पडते आहे. पुरेसं बघून झालं की जवळ जो कोणी असेल त्याला विचारायचं, "दिवा दिसला का?"

पानवाल्याला विचारायचे, पंक्चरवाल्याला विचारायचे. एकदा विमानतळाकडे निघालेल्या एका टायवाल्या साहेबांची गाडी माझ्या दुकानापाशी बंद पडली होती. साहेब घड्याळाकडे बघत घामाघूम उभे होते. मामांनी त्यांनाही विचारलं. साहेब दचकून म्हणाले, "कुठला दिवा?" मामांनी माझ्याकडे वळून दुःखानं मान हलवली. "नाय दिसला यांना."

असा एखादा माणूस तुमच्याही रस्त्यावर असेल. त्याची ती एकच लकब आपण रोज बघतो, हसतो, त्याच्या पाठीमागे नक्कल करतो. पानवाला तर मामांची इतकी हुबेहूब नक्कल करायचा की एकदा मामाच टाळ्या वाजवून म्हणाले, "हात जरा वर धर. ऊन डोळ्यात जायलंय तुह्या."

माझं दुकान चिकलठाण्यात. गाड्यांचं वायरिंग, बॅटरी, सेल्फ, दिवे. दुकान मुळात अब्बांचं. अब्बा शांत स्वभावाचे होते, तो स्वभाव काही मला मिळाला नाही. गिऱ्हाईक चुकीचं काही बोललं की माझी जीभ आधी चालते आणि पक्कड नंतर. जास्तच चिडलो तर मी मराठी सोडून दखनीत घसरतो, आणि मग गिऱ्हाइकानं समजावं की आज काही खरं नाही.

ती वर्षं दुष्काळाची होती. शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि चहूबाजूंनी फुगत चाललं होतं. कालपर्यंत जिथं ज्वारी होती तिथं आज इमारतीचे खांब, आणि खांबांच्या शेजारी पाण्याचा टँकर. नळाला पाणी नसलेल्या फ्लॅटचंसुद्धा वाजतगाजत उद्घाटन व्हायचं. त्याच सुमारास आमच्या धंद्यात एक साथ आली होती, एलईडी दिव्यांची. जो तो उठून गाडीचे जुने बल्ब काढून एलईडी लावत होता. मोटारसायकल, काळी-पिवळी जीप, ट्रॅक्टर, काहीही. दिवे लख्ख पडायचे यात शंका नाही. पण गाडीचं वायरिंग जुन्या बल्बांच्या हिशेबानं केलेलं असतं. मग कुणाचा इंडिकेटर ताप भरल्यासारखा भराभर उडायचा, कुणाचा मागचा दिवा ब्रेक न दाबताही मंद जळत राहायचा. गंगापूरच्या एका जीपवाल्यानं तर हेडलाइट असे बसवून घेतले होते की रस्ता सोडून झाडावरचे कावळे उजळून निघायचे. शेवटी मी दुकानात पाटीच लावली, 'एलईडी लावून बिघडवलेल्या गाडीच्या मालकाला आधी बोलणी बसतील. दुरुस्ती नंतर.' गिऱ्हाईक कमी झालं नाही. उलट काहीजण पाटीचा फोटो काढायला थांबायचे.

मामा पाणी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. पाठीवर पाण्याची टाकी बसवलेला जुना टेम्पो. ठेकेदाराचं आवार माझ्या दुकानाच्या मागेच, त्यामुळे येता-जाता मामांचा थांबा माझ्याकडे ठरलेला. उंच, काटकुळा माणूस. डोक्याला रुमाल, पायात जाड वहाणा. ड्रायव्हरच्या सीटवर बारमाही घोंगडी अंथरलेली, वैशाखातसुद्धा. मी म्हटलं, "मामा, या उन्हात घोंगडीवर कसे बसता?" तर म्हणाले, "घोंगडी उन्हासाठीच असती, मिस्त्री. थंडीला काय, कायबी चालतंय."

त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. ऐन जवानीत एका दुष्काळात चारा संपला तेव्हा पाचोडच्या बाजारात त्यांनी मेंढरं विकली आणि स्टिअरिंग धरलं. पण हात स्टिअरिंगवर आले तरी जीभ मेंढरांपाशीच राहिली. गिअर अडला की मामा टाळूला जीभ लावून टक्टक् करायचे आणि लाडानं म्हणायचे, "चल गं, चल." गिअर पडायचा. मी स्वतः बघितलंय. माझ्या हातानं तोच गिअर टाकायला मी गेलो, तर शिव्या देऊनही पडला नाही.

"मेंढरात मानूस मागं चालतो न् माल पुढं," ते एकदा म्हणाले. "हितं मानूस पुढं न् पानी मागं. सुरवातीला सारखं मागं वळून बघायचो. दोनदा नालीत घातला टेम्पो."

ठेकेदार त्यांना कधीमधी आमच्या भागातल्या नव्या इमारतींवरही पाठवायचा. ते काम मामांना आवडत नसे. तिथं गेटवर रखवालदार, पाइप लावा, टाकी भरा, चालू पडा. "कोनी बघतच नाय," ते कुरकुरायचे. "पानी आलं का गेलं, कुनाला पत्ता नाय." मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वागताची हौस आहे. हार-तुरे हवे असतील.

एका उन्हाळ्यात भर दुपारी मामांचा टेम्पो आला. मामा उतरले आणि थेट दुकानात येऊन स्टुलावर बसले. पुढे चालत गेले नाहीत, वळले नाहीत, कपाळाला हात लावला नाही. पानवाल्यानं मुद्दाम ओरडून विचारलं, "मामा, दिवा दिसला का?" मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

मी पक्कड खाली ठेवली.

"काय झालं?"

"दिवा खोटं बोलायलाय," मामा म्हणाले.

बाहेर जाऊन बघितलं तर टेम्पोचे चारही इंडिकेटर एकदम उडत होते, तेही टकटकटकटक, श्वास न घेता. आत डोकावलो. खटका डावीकडे होता. मी खटका उजवीकडे केला. पुन्हा चारही. आणि सगळे बल्ब नवेकोरे एलईडी. मोंढ्याच्या बाजूला कुठल्याशा दुकानातून मामांनी परस्पर आणले होते आणि पहाटे आवारात बसून स्वतःच्या हातानं बसवले होते.

"मेरेकू कायकू नै पूछे?" माझी दखनी सुरू झाली. "पाटी दिसती नै क्या तुमकू? इस उमर में गाडी सजाने का शौक?"

मामा पाटीकडे बघत म्हणाले, "आधी बोलनी का? चालू द्या. मग दुरुस्ती करा." मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं नीट सांगायला लावलं. इतकी वर्षं ज्या लकबीची आम्ही थट्टा केली, ती कुठून आली ते मला त्या दुपारी कळलं.

मामांची रोजची खेप पाचोडच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. तिथं एक उघडंबोडकं टेकाड आहे. टेकाडावरून रस्ता खाली उतरतो आणि एका बोरीच्या झाडापाशी फुटतो. डावीकडे मामांची स्वतःची वस्ती, उजवीकडे ओढ्याकाठची वस्ती. ओढा फक्त नावात. दोन्ही वस्त्यांना मिळून हा एकच टेम्पो, आणि एका खेपेचं पाणी एकाच वस्तीला पुरायचं. आज हिची पाळी, उद्या तिची, असं कागदावर सोपं होतं. पण विहिरीवर वीज नसायची, कधी टेम्पो बंद पडायचा, कधी खेपच रद्द व्हायची, आणि पाळी सरकायची. मग दोन्हीकडची माणसं बोरीपाशी हंडे घेऊन टेम्पोला आडवी. पाळी कुणाची यावरून भांडण, आणि भांडणात पाणी मातीत.

त्यात मामा डावीकडच्या वस्तीतले. उजवीकडचे म्हणणारच, की हा आपल्या लोकांना झुकतं माप देतो.

मामांनी त्यावर एक रीत पाडली. टेकाडाच्या माथ्यावर, जिथून टेम्पो दोन्ही वस्त्यांना दिसतो, तिथं थांबायचं आणि ज्यांची पाळी त्या बाजूचा इंडिकेटर लावायचा. एक विडी ओढून होईल इतका वेळ तसंच थांबायचं, मग उतरायचं. आपल्या बाजूचा दिवा उडताना दिसला तर हंडा उचलायचा, नाहीतर घरात बसायचं. एकदा दिवा लावला की मग बोरीपाशी खुद्द सरपंच आडवा आला तरी गाडी दुसरीकडे वळणार नाही. "सगळ्या शिवारादेखत दिलेली जबान हाय ती," मामा म्हणाले.

"फोन का नाही करत?" मी विचारलं.

"फोन केला का समोरून बी फोन येतो, मिस्त्री. मामा, आज लग्न हाय. मामा, आज पाव्हने हायत. दिव्याला फोन करता येत नाय."

आणि आज सकाळी त्याच दिव्यानं घात केला होता. पाळी होती डावीकडची, मामांच्या वस्तीची. मामांनी माथ्यावर डावा दिवा लावला, आणि उडायला लागले दोन्ही. दोन्ही वस्त्या हंडे घेऊन पळत सुटल्या. बोरीपाशी हीऽ गर्दी. डावीकडचे म्हणाले, पाळी आमची. उजवीकडचे म्हणाले, आम्हाला दिवा दाखवलाय. मामांनी शेवटी बोरीखाली टेम्पो उभा करून अर्धं पाणी इकडे, अर्धं तिकडे दिलं. अर्ध्या पाण्यानं दोघांचंही भागलं नाही आणि दोघांच्याही शिव्या पदरात पडल्या.

"त्यात ओढ्याकडची एक म्हातारी हाय, लई फाटक्या तोंडाची. समद्यांदेखत म्हनली, काय रं, तुहा दिवा बी आता दोन्हीकडून खाया लागला व्हय?"

उजवीकडच्यांनी तिथंच ठरवून टाकलं होतं, की उद्याच्या खेपेला हाच प्रकार झाला तर परवापासून आमचा माणूस गाडीत पहाऱ्याला बसणार.

"बसू द्या की. तुमचं काय जातं?"

"मह्या शेजारी पहारेकरी बसला का म्या उतरलो," मामा म्हणाले. "किल्ली ठेकेदाराच्या म्होरं ठेवायची न् घरी जायचं. म्या कदी कुनाच्या मेंढराला पहारेकरी लागू दिला नाय, मिस्त्री."

हा माणूस बोलल्याप्रमाणे करणार, याबद्दल मला शंका नव्हती. आणि मामा येणार नाहीत तर माझ्या दुकानासमोर दिवसभर फक्त विमानांचा आवाज उरणार. उद्याच्या खेपेआधी हा दिवा खरं बोलायला हवा होता. मी दुकानातली बाकीची कामं बाजूला सारली.

भराभर उडणं मोडायला वेळ लागला नाही. इंडिकेटर उडवणारी जी डबी असते, तिला जुन्या बल्बांच्या भाराची सवय असते. एलईडी वीज नखभर घेतात, म्हणून डबीला वाटतं की बल्ब गेला, आणि ती घाई करते. एलईडीची वेगळी डबी मिळते, ती मी बसवली. इंडिकेटर शहाण्यासारखा सावकाश उडू लागला. पण चारही! आता फक्त खोटं शांतपणे बोलत होता.

मग मी इरेला पेटलो. मागच्या तारा सोडवल्या, पुन्हा जोडल्या. खटका उघडून साफ केला. बल्बांच्या खोबणीतला गंज खरवडला. टाकीखालून आडवा होऊन एकेक तार चाचपली, टाकीचं पाणी मानेवर ठिबकत होतं. मामा समोर उभं राहून दर वेळी सांगायचे, "दोन्ही." पुन्हा थोड्या वेळानं, "दोन्हीच." मधूनमधून टाळूला जीभ लावून टेम्पोला टक्टक् करायचे. मला वाटलं, आता हे मलाही टक्टक् करणार.

"मामा, एक काम करा," मी टेकीला येऊन म्हटलं. "जुने बल्ब आहेत ना? तेच लावू. काम खलास. इतकी वर्षं चाललंच होतं की."

मामा रुमालानं तोंड पुसत राहिले.

"जुना दिवा दिवसा दिसत नाय," शेवटी म्हणाले. "उन्हात पार फिका पडतो. तरन्या बायांना दिसतो. पर ती म्हातारी हाय ना, तिच्या डोळ्यात फूल पडलंय. तिला दिवाच दिसत नाय. मग ती रोज येती. पाळी असो नसो, हंडा घेऊन रोज बोरीपस्तोर येती, न् पाळी नसली का रिकामीच माघारी जाती. ह्या उन्हात. म्हनून म्हनलं, दिवा जरा ठसठशीत लावावा."

"कुठली म्हातारी? फाटक्या तोंडाची?"

"व्हय. तीच."

जिच्यासाठी दिवे बदलले, तिनंच दिव्यावरून चारचौघांत पाणउतारा केला, आणि हे गृहस्थ अजून तिच्याच उन्हाची काळजी करत बसलेले. माझे अब्बा असते तर म्हणाले असते, अशा माणसाच्या सावलीला बसावं. मला तसलं बोलता येत नाही. मी नुसतं "हौ" म्हटलं आणि परत टेम्पोखाली शिरलो.

संध्याकाळ व्हायला आली होती. मामांनी खिशातून एक इवलासा एलईडी काढला. "ह्यो एक उरलाय. स्टिअरिंगम्होरच्या पाटीवर ती हिरवी बत्ती हाय ना, तिथं बसवा. आनलाच हाय तर वाया कशाला?"

स्टिअरिंगच्या मागे, इंडिकेटर चालू आहे हे ड्रायव्हरला कळावं म्हणून, एक छोटा हिरवा दिवा असतो. या टेम्पोत डावी-उजवी मिळून एकच होता. मी वैतागलेलाच होतो. म्हटलं, चला, ही पण हौस पुरी करून टाकू. नव्याच्या मापाचा अंदाज घ्यावा म्हणून हिरव्याच्या मागचा बल्ब ओढून काढला.

समोरून मामा ओरडले, "एक!"

"काय एक?"

"एकच उडायलाय! डावाच! मिस्त्री, तुमी काय केलं?"

मी काय केलं होतं? मी काहीच केलं नव्हतं. तो बल्ब परत आत घातला. "दोन्ही!" मामा ओरडले. काढला. "एक!" घातला. "दोन्ही!" पानवाला दुकान सोडून आला, पंक्चरवाला आला, आणि मी बल्ब काढतोय-घालतोय आणि समोर तिघंजण एका सुरात "एक!", "दोन्ही!" करतायत, असा तो तमाशा बराच वेळ चालला. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या हिरव्या बत्तीची एक तार डावीकडच्या दिव्यांना जोडलेली असते, दुसरी उजवीकडच्या. डावा लावला की थोडीशी वीज बत्तीतून पलीकडे, उजव्यांत झिरपते. जुने बल्ब खादाड, एवढ्याशा विजेनं त्यांची दाढसुद्धा ओली होत नाही, म्हणून ते पेटत नसत. एलईडीचं पोट लहान. झिरपलेल्या विजेवरही ते खुशाल पेटतात. म्हणजे बाहेरचे दिवे चांगले होते, तारा चांगल्या होत्या. चुगली आतली बत्ती करत होती.

"आता हिची तार वेगळी करून देतो," मी म्हटलं. "सकाळपर्यंत मिळेल. बत्तीही राहील आणि दिवेही."

"बत्ती कशाला?" मामा म्हणाले.

"अहो, तुम्हाला आत कळायला नको, कुठला दिवा लागलाय ते?"

"मला ठावं हाय की म्या कुठं चाललोय. मला आत दिवा दिसून काय करायचं? भाईरच्याला दिसला पायजे."

त्यांनी घोंगडीची एक सुटलेली दशी तोडली, तळहातावर वळून तिची गोळी केली आणि बत्तीच्या रिकाम्या भोकात बोटानं दाबून बसवली. मग खाली उतरले, विमानतळाच्या भिंतीपर्यंत चालत गेले, वळले, आणि कपाळावर हात धरून तिथूनच केवढ्यांदा तरी ओरडले, "दिवा दिसला का?"

आम्ही तिघंही ओरडलो, "दिसला!" पानवाला नक्कल करायची विसरला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. मामांच्या शेजारी, ज्या जागेवर पहारेकरी बसणार होता त्या जागेवर बसून गेलो. मला बघायचं होतं. टाकी भरून आम्ही टेकाडाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. खाली दोन्ही वस्त्या, मध्ये ती बोरी. मामांनी उजवा इंडिकेटर लावला, खाली उतरले, लांब चालत गेले, वळले, आणि कपाळावर हात धरून उभे राहिले. विडी पेटवायचं मात्र त्या दिवशी त्यांना सुचलं नाही.

मीही उतरलो. बराच वेळ कुठंच काही हललं नाही. एका इंडिकेटरसाठी इतकं मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

मग उजवीकडून एक लुगडं बाहेर आलं, डोक्यावर हंडा. मागून दुसरं. मग रांगच लागली. डावीकडच्या वस्तीतून कुणी निघालं नाही. फक्त अगदी कडेच्या घरातून एक बाई हंडा कमरेला घेऊन दाराबाहेर आली, हात कपाळाला लावून आमच्याकडे बघितलं, आणि तशीच वळून आत गेली.

"ती मही मंडळी," मामा म्हणाले. "आज तिची पाळी नाय."

काल तिला अर्धाच हंडा मिळाला असणार.

आम्ही खाली उतरलो. बोरीपाशी कुणी आडवं आलं नाही. उजवीकडच्या वस्तीत सगळ्यात पुढे ती म्हातारी उभी होती. हंडा भरून झाला तरी जागची हलेना. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती मामांच्या अगदी जवळ आली, मान तिरकी करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आज घरातूनच दिसला, बाबा."

परतीच्या वाटेवर मामा टेम्पोला काहीही कारण नसताना टक्टक् करत होते.

पुढे दोन-तीन पावसाळे बरे झाले. वस्त्यांना नळ आले, तिकडची खेप बंद पडली. मामांना ठेकेदारानं कायमचं शहरातल्या इमारतींवर टाकलं. माझ्या दुकानासमोर ते अजूनही थांबायचे, उतरायचे, बघायचे, पण प्रश्न कमी झाला. एकदा म्हणाले, "हितं कुनाला दाखवू, मिस्त्री? ह्यांच्या टाक्यांना डोळे नायत." त्या दिवाळीच्या आधी किल्ली ठेकेदाराच्या पुढे ठेवली आणि गावी गेले. वस्तीत पुन्हा थोडी मेंढरं घेतली, असं कानावर आलं. मला बरं वाटलं. आता माल पुढं, माणूस मागं.

मग एका हिवाळ्यात ठेकेदाराच्या आवारातून निरोप आला, की मामा गेले. झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही. पानवाल्यानं आपलं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. टेम्पो त्या वेळी आवारात मोडीला निघालेला होता. मी जाऊन आत डोकावलो. घोंगडीची गोळी भोकात तशीच होती. मी तिला हात लावला नाही.

दहाव्याला जाता आलं नाही, म्हणून नंतर एका सकाळी मोटारसायकल काढून भेटायला गेलो. टेकाडाच्या माथ्यावर पोचलो आणि गाडी आपोआप थांबली. खाली दोन्ही वस्त्या, मध्ये बोरी. मी डावीकडे जाणार होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, मागे-पुढे कुणी नव्हतं, तरी मी डावा इंडिकेटर लावला. स्वतःशीच हसलो. विडी ओढत नाही, म्हणून नुसताच थोडा वेळ उभा राहिलो. मग उतरलो.

बोरीपाशी डावीकडे वळलो तर त्या कडेच्या घरासमोर एक बाई उभी. पांढऱ्या कपाळाची. हातात पाण्यानं भरलेला तांब्या, वर पेला उपडा घातलेला. मी गाडी थांबवली. मी कोण ते सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनीच पेला भरून पुढे केला.

"माथ्यावर दिवा दिसला. आपल्या बाजूचा," त्या म्हणाल्या. "म्हनलं, कोनीतरी आपल्याकडं यायलंय. लांबून आलेलं मानूस, आधी पानी द्यावं."

मी उभ्याउभ्याच पाणी प्यालो. पेला परत देताना त्यांचं लक्ष माझ्या गाडीकडे गेलं. इंडिकेटर अजून उडत होता.

"बंद करा आता, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "दिसला."